सायलेन्सरवरचा पत्रा

उस्मानाबाद, सोमवार, १६ नोव्हेंबर १९५९

गाडीतून आवाज येऊ लागला आहे. येडशी स्टेशनापासून घरापर्यंत, डब्यात खडे भरून हलवावे तसा. गाडी आमच्या वकीलसाहेबांची. ते असते तर म्हणाले असते, ती काही सांगते आहे, ऐकून घे. मला सांगणारी गाडी नको, चालणारी हवी.

ईरण्णाला गाडीखाली जाऊन पाहायला लावले. बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, सायलेन्सरवरचा पत्रा हाय. सैल झालाय."

"तो पत्रा असतो कशाला?"

"खालनं धुराची नळी जाती. लई तापती. तुमच्या पायाखाली लाकडाची फळी हाय. मधी हा पत्रा, म्हणून फळी जळत न्हाय."

"आणि तो नसला तर?"

"तर तुमी पाय वर घ्याल."

हे उत्तर मला आवडले नाही. माहिती मात्र बरोबर असावी. ईरण्णाला ठेवून दोन वर्षे झाली. गाडी चांगली चालवतो, कमी बोलतो. बोलतो तेव्हा असे बोलतो.

आजच्या बैठकीचे लिहून ठेवते. आमच्या शिक्षण मंडळाच्या मुलींच्या पाच शाळांपैकी जिची हजेरी वीसच्या खाली निघेल ती मार्चअखेर बंद करायची. निर्णय माझ्या तपासणीच्या अहवालावर. अध्यक्ष महालिंगप्पा शेठ म्हणाले, "बाई, तुमच्या आकड्याला कुणी हात लावायचा न्हाय." मी म्हटले, माझा आकडा खरा असतो कारण मी न कळवता जाते. गाव अर्धा मैल राहिले की हॉर्न बंद, हा माझा अकरा वर्षांचा नियम आहे. मंडळ निघाल्यापासून तो मोडलेला नाही.

बुधवार, १८ नोव्हेंबर

चिंचझरीची शाळा पाहिली. परंड्याच्या पुढे, सोनारीच्या रस्त्यापासून आत. शाळा जूनमध्ये उघडली. पावसाळ्यात गाडी जात नाही म्हणून माझी ही पहिलीच भेट. काळभैरवाला जाणारी माणसे रस्त्यावर होती, ती गाडीच्या आवाजाने लांबूनच बाजूला होत होती. तेवढाच त्या पत्र्याचा उपयोग.

गावाअलीकडे दगडगोट्यांचा ओढा आहे. तिथे गाडी इतकी वाजली की माझे दात वाजले.

पटावर चोवीस, हजर तेवीस. उत्तम. शिक्षिका प्रमोदिनीबाई तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या, वय चोवीस-पंचवीस. फळ्यावरचे अक्षर वळणदार. पुढील शेरे दिले:

मुलींना धाप लागलेली होती. खेळाचा तास पहिला घेऊ नये. पाय मातीने भरलेले होते. पाय धुऊन वर्गात यावे. तिघींच्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा सापडल्या. मधल्या सुट्टीआधी खाऊ नये.

बाईंनी शाळेच्या वेळेचा विषय काढला. मी म्हटले, अकरा ते पाच, नियम सर्वांना एक. त्या गप्प बसल्या. समजूतदार आहेत.

हजेरीपटावर ईरण्णा नावाचे दोन पालक दिसले. या भागात हे नाव फार.

शनिवार, २१ नोव्हेंबर

पत्रा बसवला. युक्ती माझी. घरातल्या तांब्याच्या घंगाळाला डाग देणारा कारागीर अंगणात आलाच होता. म्हटले, हाच डाग पत्र्याला दे. तो म्हणाला, गाडीचं काम कधी केलं न्हाय. मी म्हटले, पत्रा तो पत्रा. ईरण्णा काही बोलायला आला होता, पण मी हिशेबाच्या वहीत होते. डाग सुरेख बसला. चांदीसारखा चमकतो.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

डाग वितळला. येडशीच्या अलीकडेच. ईरण्णा म्हणे, कथील तापलं की पातळ व्हतं.

"हे तुला शनिवारी माहीत होते?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी हात वर केला हुता."

बी. ए.ला मी तत्त्वज्ञान घेतले होते. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यात कथील नव्हते.

गुरुवार, ३ डिसेंबर

आज पंचाक्षरी मिस्त्रींकडे गेले. आधीच जायला हवे होते. त्यांनी गाडी चौथऱ्यावर चढवली, खाली बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मला घाई होती, पण त्या माणसाच्या पाहण्यात काहीतरी होते, म्हणून उभी राहिले.

म्हणाले, "वकीलीणबाई, बोल्ट चांगले हैत. पत्रा चांगला हाय. हलून हलून भोकं मोठी झाली. बोल्टाचं डोकं भोकातनं निसटतंय."

"मग उपाय?"

"मोठं वायसर पायजे. बाजारात या मापाचं मिळत न्हाय."

मग त्यांनी गल्ल्याखालची एक पिशवी उलटी केली. त्यात भोकाचे पैसे होते, लढाईच्या दिवसांतले. आता नवे पैसे आले तेव्हा हे कोण घेतो? त्यांनी चार निवडले, चारही बोल्टांत ओवले आणि पत्रा घट्ट आवळला. अगदी मापाचे बसले. सरकारने जणू यासाठीच पाडले होते.

गाडी गप्प झाली. मी मिस्त्रींना म्हटले, तुम्ही काम विचार करून करता. ते म्हणाले, "विचार न्हाय वकीलीणबाई, गुडघं दुखतात. वाकलो की लवकर उठवत न्हाय, मग बघत बसतो."

परत येताना ईरण्णाला म्हटले, आता अचानक तपासणी खऱ्या अर्थाने अचानक होईल. तो म्हणाला, "व्हय." त्याचा चेहरा पडला होता. पोट बिघडले असावे. ओवा दिला.

गुरुवार, १० डिसेंबर

पुन्हा आवाज. घरून निघताना नव्हता. परंड्याला ईरण्णा म्हणाला, टायर बघतो, आणि मी डाक बंगल्यात तोंड धुऊन येईपर्यंत तो गाडीखालून बाहेर येत होता. त्यानंतर पाच मिनिटांत वाजू लागली. दुर्दैव म्हणजे असे.

चिंचझरीच्या ओढ्यात त्याने रेडिएटरमध्ये पाणी घातले. नोव्हेंबरमध्येही तिथेच घातले होते. या गाडीला नेमकी त्या ओढ्यात तहान लागते. इंजिन तीनदा जोरात फिरवून पाहिले. मी म्हटले, आवाज फार होतो आहे. म्हणाला, "पाणी नीट बसतं बाई, असं केलं की." याची मला कल्पना नव्हती.

शाळेत हजर चोवीस. सर्वच्या सर्व. आणखी शेरा: वेणीत तुरीची फुले खोवण्याची फॅशन बंद करावी. धाप अजून आहे.

घरी आल्यावर मी स्वतः चटई टाकून गाडीखाली गेले. दार लावून घेतले होते. या वयात हे शोभत नाही, पण दुसऱ्याच्या डोळ्यांवर किती दिवस विसंबायचे? तीन बोल्टांत पैसे आहेत. चौथा बोल्ट सैल, त्यात पैसा नाही.

ईरण्णाला विचारले. म्हणाला, "पडला आसंल रस्त्यात."

"बोल्ट न पडता त्यातला पैसा कसा पडेल?"

तो विचारात पडला. मीही पडले. अखेर तो म्हणाला, "रस्ता लई खराब हाय बाई."

गुरुवार, १४ जानेवारी १९६०

संक्रांत. ईरण्णाला तिळगूळ दिला. त्याने विचारले, पाटीवरच्या पेन्सिली चांगल्या कुठल्या दुकानात मिळतात. मी म्हटले, तुला कशाला? "लागत्यात." मला आनंद झाला. ड्रायव्हरने या वयात लिहायला शिकायचे मनावर घेतले, ही लहान गोष्ट नाही. माझ्याजवळचा एक डबा दिला आणि म्हटले, रोज अर्धा तास अक्षर गिरवायला सुरुवात कर. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला.

गुरुवार, २१ जानेवारी

आज जे झाले ते क्रमाने लिहिते.

चिंचझरीहून परत येताना बार्शीच्या पुढे मला जळका वास आला. कुणी शेतात पाला पेटवला असेल असे वाटले. मग पायाला चटका बसला. खाली पाहते तो फळीतून धूर निघतो आहे आणि शाळांच्या कागदांची पिशवी बुडाशी काळी पडली आहे. मी "थांब" म्हटले. ईरण्णाने गाडी थांबवली, मला हाताला धरून बाहेर ओढले, पिशवी फेकली आणि रेडिएटरसाठी ठेवलेले सगळे पाणी फळीवर ओतले. फळीला तळहाताएवढे भोक पडले.

एक बोल्ट सैल, म्हणून पत्रा हलत राहिला. हलून हलून दुसरीकडची पट्टी तुटली आणि पत्रा खाली नळीवर लोंबला. मधला आडोसाच गेला.

ईरण्णा रस्त्याच्या कडेला बसला होता. माझ्या चपलेचा जळलेला अंगठा त्याच्या हातात होता. "बाई, माजी चूक झाली," म्हणाला. दोनदा म्हणाला. मी म्हटले, तुझी कशी? बोल्ट सैल होतो त्याला तू काय करणार? त्यावर त्याने मान आणखी खाली घातली. फार मनाला लावून घेतो. त्याला रागावले नाही.

कागद वाचले. चिंचझरीचा हजेरीचा कागद कडेने जळला, आकडे शाबूत आहेत.

(शाळेतले राहिले. एका मुलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात भोकाचा पैसा होता. शाळेत दागिने घालू नयेत, असा शेरा दिला. मुलगी हुशार आहे, वाचताना अडत नाही.)

मंगळवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर मिस्त्रींकडे. ईरण्णा आधीच तिथे हजर. त्यानेच नवी फळी बसवून घेतली, तुटलेली पट्टी सांधून घेतली, पत्रा आणि नळी यांमध्ये ॲस्बेस्टॉसचा तुकडा घालायला लावला. चौथ्या बोल्टाला मिस्त्रींनी लोखंडी वायसर कापून दिले. ईरण्णाने स्वतःच्या हाताने चारही नट आवळले आणि वर दुहेरी नट चढवले. मिस्त्री म्हणाले, "आरं, आता गाडी मोडंल पर पत्रा न्हाय निघायचा."

"तसाच पायजे," ईरण्णा म्हणाला.

या माणसाला कामाची किंमत कळू लागली आहे.

परंडा, बुधवार, १० फेब्रुवारी

उद्याची शेवटची तपासणी. त्यावर अहवाल.

पत्रा गप्प आहे, पण परंड्याला येताच मागून वेगळाच आवाज येऊ लागला. उतरून पाहिले. मागच्या बंपरला सुतळीने एक तेलाचा रिकामा डबा बांधलेला आणि त्यात पाच-सहा नट.

"हे काय?"

"सुटं नट हैत. उपयोगी पडत्यात."

"मग ते पिशवीत ठेवावेत."

"पिशवीत सापडत न्हाईत बाई. हितं कसं, वाजत्यात, म्हंजे हैत हे कळतं."

युक्तिवादात काही चूक दिसली नाही.

परंडा, गुरुवार, ११ फेब्रुवारी

सकाळी ईरण्णा चहाला गेला असताना मी दोन कामे उरकली. डब्यात जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली आणि रेडिएटर काठोकाठ भरला. गाडी आधी तपासून मग निघावे, हे मी त्याला कितीदा सांगितले.

निघालो. मैलभर गेल्यावर ईरण्णाने मान वळवून ऐकले. मग पुन्हा ऐकले. "डबा पडला वाटतं," म्हणाला. मी म्हटले, आहे, मी त्यात चिंधी भरली.  ओढ्यात तो थांबू लागला तेव्हा म्हटले, पाणी मी भरले आहे, चल. त्याने हात हॉर्नकडे नेला. म्हटले, नियम.

"बाई, रस्त्यात म्हस हाय."

"कुठे आहे?"

"येईल."

म्हैस आली नाही.

शाळेत चार मुली होत्या. प्रमोदिनीबाई शिधापत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर काही लिहीत होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या आणि हातातली पेन्सिल खाली पडली.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"येतील, बाई."

"केव्हा? सव्वाअकरा झाले."

त्या दाराबाहेर गाडीकडे पाहत राहिल्या. "आवाज आला नाही," म्हणाल्या.

"कसला आवाज?"

त्यांनी पेन्सिल उचलली. चार मुलींपैकी एक लंगडत होती, एक पाळण्यातले भावंड घेऊन बसली होती, दोघी फार लहान. मी तपासणीच्या वहीत शाईने लिहिले: हजर चार. सही केली. बाईंनीही सही केली. हात स्थिर होता. त्यामुळे मला जास्त राग आला.

तीन महिने मला तेवीस-चोवीस दाखवले. आज खरा आकडा सापडला. माझी पद्धत योग्य ठरली म्हणून समाधान वाटायला हवे. वाटत नाही. शाळा बंद होणार.

परतताना शेतांतून ज्वारीची काढणी चालली होती. बायका, मुली ओळीने वाकलेल्या. डाक बंगल्याच्या पायरीवर ईरण्णा उभा राहिला. म्हणाला, "बाई, उद्या सकाळी सहाला एकदा चिंचझरीला चला. मग माजी नोकरी ठेवा न्हायतर काढा."

शाळेचा आणि याच्या नोकरीचा संबंध काय, समजले नाही. पण तो इतकी वाक्ये सलग कधी बोललेला नाही. जाईन.

परंडा, शुक्रवार, १२ फेब्रुवारी

सहाला दहा मिनिटे कमी होती. थंडी होती. शाळेला कुलूप. ईरण्णा गाडी पुढे गावातल्या मठापाशी घेऊन गेला. ओसरीत कंदील आणि पाढ्यांचा आवाज. भिंतीला लावून विळे ठेवलेले, नीट ओळीत, प्रत्येकाशेजारी भाकरीचे फडके. मी विळे मोजले, वीस. मग मुली मोजल्या. चोवीस.

प्रमोदिनीबाईंनी मला पाहिले. शिकवायचे थांबवले नाही. सतराचा पाढा पुरा झाल्यावर म्हणाल्या, "बसा, बाई. जागा थोडी आहे."

मी बसले. एका मुलीला वाचायला सांगितले. पैसा गळ्यात असलेलीच ती. एकदाही न अडखळता पान वाचले.

"नाव?"

"महादेवी ईरण्णा."

"वडील काय करतात?"

"गाडी चालवत्यात."

"कुणाची?"

तिने अंगणाकडे पाहिले. तिला माझ्या अडाणीपणाची दया आली असावी. "तुमची," म्हणाली.

बाहेर ईरण्णा गाडीची काच पुसत होता. ती स्वच्छच होती. मी मुलीच्या गळ्यातला पैसा हातात घेतला. एका बाजूने निळा-काळा पडलेला. तापलेल्या लोखंडाला असतो तो रंग.

आठला मुली विळे घेऊन उठल्या. जाताना प्रत्येक मुलगी नमस्कार करून गेली. मी प्रमोदिनीबाईंना विचारले, "ही शाळा कधीपासून?"

"जुलैपासून रोज. सहा ते आठ. रविवारीसुद्धा. अकराला मुली कशा येतील बाई? शेंगा, मग तूर, आता ज्वारी. आया एकट्या काढणी कशी करतील?"

"मग मी यायचे तेव्हा?"

"तुमची गाडी ओढ्यात आली की शेतापर्यंत ऐकू येते. विळे टाकून पळत येतात. पहिल्यांदा योगायोग झाला. नंतर..." त्यांनी अंगणाकडे पाहिले.

"मला लिहून कळवायचे होते."

त्यांनी दप्तरातून एक कागद काढला. जुलैतल्या त्यांच्या अर्जाला आलेले उत्तर. "वेळेचा नियम सर्व शाळांना एक आहे. या विषयी पुन्हा लिहू नये." अक्षर माझे. वेलांट्या फार व्यवस्थित काढलेल्या.

मी तो दोनदा वाचला. परत दिला. मग म्हटले, सतराच्या पाढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी नुसते ओठ हलवते. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तिचा तेरापर्यंत झालाय."

गाडीत बसल्यावर विचारले, "पत्रा तू सैल केलास?"

"एकच बोल्ट. वाजण्यापुरता. पैसा काढला, तो पोरीला आवडला." त्याने गाडी ओढ्यातून वर काढली. "फळी पेटली त्या दिशी तुमच्या पायाकडं बघितलं. पुन्हा पत्र्याला हात न्हाय लावला, शपथ. म्हणून डबा बांधला."

"तुझी मुलगी इथे आहे, हे मला का सांगितले नाहीस?"

"तिची आई गेल्यावर आजीकडं ठेवली. सांगितलं आसतं तर तुमी म्हणला आसता, ड्रायव्हरची पोर म्हणून शाळा ठेवली असं लोक म्हंतील. आन् आकडा आणखी कडक लावला आसता."

असेच केले असते.

"पेन्सिली तिला दिल्यास?"

"व्हय. आन् तुमी सांगितलं तसं, रोज अर्धा तास."

दोन वर्षे हा माणूस माझ्यापुढे तीन फुटांवर बसतो. मी त्याच्या पाठीला चूक, वळण, वेग, सर्व सांगितले. घरी कोण आहे, हे एकदाही विचारले नाही. आणि त्याने माझी फळी जाळली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी फिटत नाही. नोकरीचे उत्तर त्याला अजून दिलेले नाही. उद्या सकाळी सातला गाडी काढायला सांगितली, तेवढ्यावरून समजून घेईल.

उस्मानाबाद, शनिवार, २० फेब्रुवारी

अहवाल लिहिला. "हजर चार" खोडले नाही. खाली लिहिले: अकरा वाजता चार, सहा वाजता चोवीस. अकराची वेळ मंडळाची, सहाची गावाची. शिकवणे सहाला चालते. सुगीपुरती शाळेची वेळ बदलावी.

हे लिहिले की गेल्या तीन महिन्यांच्या माझ्या तपासण्यांचे काय, तेही लिहावे लागते. एक मसुदा केला ज्यात ते नव्हते. वाचायला बरा होता. फाडला.

शनिवार, ५ मार्च

बैठक. अहवाल मीच वाचला.  वाचून झाल्यावर महालिंगप्पा शेठांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हंजे बाई, तुमी येताय हे सगळ्या शिवाराला ठावं हुतं? तुमाला सोडून?"

"होय."

"न कळवता जाता म्हणून सांगत हुता."

"मी कळवत नव्हते. गाडी कळवत होती."

कोपऱ्यातून कुणीतरी खोकल्यासारखे केले. शेठांनी मात्र गंभीर राहून विचारले, "हे इतिवृत्तात घालायचं का गाळायचं?"

"घालायचे. आणि जुलैतले माझे पत्रही जोडायचे."

मग शेठ म्हणाले, त्यांच्या घरीही सुगीत सगळे पहाटे उठतात, फक्त मंडळच अकराला उठते. ठराव झाला. चिंचझरीची शाळा राहिली. सुगीत सहा ते आठ, एरवी अकरा ते पाच. बाकीच्या चार शाळा मी पुन्हा पाहणार आहे, यावेळी आधी विचारून की तुमची शाळा खरी कधी असते.

बाहेर ईरण्णा गाडीला टेकून उभा होता. "काय झालं?" असे त्याने विचारले नाही. मी म्हटले, "बुधवारी चिंचझरी." त्याने दार उघडले, आणि मी बसल्यावर ते दोनदा लावले.

मंगळवार, ८ मार्च

मिस्त्रींनी पत्रा पुन्हा पाहिला. एकही नट हललेला नाही. म्हणाले, "तीन पैसं हैत, चौथा कुठं गेला म्हणं?"

"शाळेत आहे," मी म्हटले.

"शिकतोय का?"

"वाचनात पहिला आहे."

बुधवार, ९ मार्च

चिंचझरीला बातमी घेऊन गेलो. अकरा वाजले होते, म्हणजे शाळेत त्या चौघींखेरीज कुणी नसणार, हे आता मलाही माहीत होते. गाडी गप्प, डबा घरी ठेवलेला. ओढ्यात ईरण्णाने वेग कमी केला. उजव्या हाताला ज्वारीचे शेत, त्यात वाकलेल्या पाठी.

"हॉर्न वाजव," मी म्हटले.

"गावाजवळ हॉर्न न्हाय वाजवायचा. तुमीच म्हणता."

"तपासणीला जाताना. आज तपासणी नाही."

त्याने वाजवला. मी म्हटले, पुन्हा. त्याने बराच वेळ वाजवला. शेतात एक डोके वर आले, मग पाच-सहा, मग सगळी ओळ उभी राहिली. मुली विळे टाकून बांधावरून धावत सुटल्या, नेहमीसारख्या, तपासणी आली समजून. मी मोजत होते. एकोणिसावर थांबावे लागले. विसावी, महादेवी, हॉर्नच्या आधीच निघाली होती आणि गाडीच्या पायरीवर येऊन उभी होती.

धाप लागलेली, पाय मातीने भरलेले. कुठलाही शेरा दिला नाही.

येताना ईरण्णा म्हणाला, हॉर्न जरा बसका वाजतो, मिस्त्रीला दाखवू का? म्हटले, राहू दे. शेतापर्यंत पोचतो.